खेळाडू येणार, येणार म्हणतात: बेसबॉलच्या हिवाळी अफवा कशा वाचाव्यात

बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरअखेर, फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेने संपतो आणि पुढचा खरा सामना मार्चच्या शेवटी होतो. मधल्या काळात मैदानावर काहीच घडत नसले, तरी अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींच्या चर्चेला याच महिन्यांत बहर येतो. कोणता खेळाडू कोणत्या संघात जाणार, कोणाची अदलाबदल होणार, कोण किती कोटी डॉलर मागतो आहे, अशा बातम्या रोज डझनावारी येतात आणि त्यांपैकी बहुतेक हवेत विरून जातात. हा खेळ नव्याने पाहू लागलेला वाचक पहिल्याच हिवाळ्यात या बातम्यांनी पुरता गोंधळतो. त्याच्यासाठी हा लेख आहे.

उदाहरणासाठी मी सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हा संघ घेतला आहे. सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट या भागांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि तिथे नव्याने आलेल्या माणसाची बेसबॉलशी पहिली ओळख बहुधा याच संघामुळे होते. पुण्या-मुंबईत बसून हा संघ पाहणाऱ्यालाही संध्याकाळी पावणेसातचा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला, चहाच्या वेळी मिळतो, ही एक सोय आहे. निवडीचे मुख्य कारण मात्र दुसरेच आहे. २०१७ पासून या संघाबद्दल जितक्या मोठ्या बातम्या उठल्या आणि फसल्या, तितक्या माझ्या मते क्वचितच दुसऱ्या एखाद्या संघाच्या वाट्याला आल्या असतील. त्यामुळे अफवा कशी जन्मते, कोणाच्या जोरावर वाढते आणि कुठे येऊन अडते, हे शिकण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आयपीएलच्या सवयीने इकडे येणाऱ्या वाचकाने एक फरक आधीच लक्षात घ्यावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला झालेल्या लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटी रुपयांची बोली लागली, तेव्हा कोणता संघ कुठे थांबला हे सगळ्या जगाने पाहिले, आणि कोणाच्या थैलीत किती पैसे उरले आहेत हेही पडद्यावर दिसत होते. बेसबॉलमध्ये असा लिलाव नसतो. प्रत्येक वाटाघाट बंद दाराआड होते, संघांच्या खर्चावर कडक मर्यादा नाही, आणि मोकळा झालेला खेळाडू सर्वाधिक पैसे देणाऱ्याकडेच गेला पाहिजे असाही नियम नाही. इतकी अंधारी जागा असल्यावर अफवा पिकणारच. म्हणून एखादी बातमी खरी की खोटी हे तिथल्या तिथे ठरवण्याच्या भानगडीत न पडता, सांगितलेली गोष्ट नियमांनुसार शक्य आहे का आणि ती पसरल्याने कोणाचे भले होते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: बातमीची तारीख पाहावी

वर्ल्ड सिरीज संपताच, ज्यांची मेजर लीगमधील, म्हणजे तीस संघांच्या अव्वल व्यावसायिक स्पर्धेतील, सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली आहे आणि ज्यांचा करार संपला आहे, असे खेळाडू फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या संघाकडे जायला मोकळे, होतात. मात्र पहिले पाच दिवस त्यांना दुसऱ्या संघाशी करार करता येत नाही. नोव्हेंबरमध्ये संघांच्या जनरल मॅनेजरांची बैठक होते. तिथे करार फारसे होत नाहीत, पण कोणाला काय हवे आहे याची पहिली कुजबूज तिथूनच बाहेर पडते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात एक मुदत असते, ज्या दिवशी संघाने आपल्या ताब्यातील तरुण खेळाडूंना पुढच्या वर्षाचा करार देऊ करायचा किंवा त्यांना सोडून द्यायचे. डिसेंबरच्या सुरुवातीला विंटर मीटिंग्ज भरतात: २०२२ मध्ये सॅन डिएगो, २०२३ मध्ये नॅशव्हिल, २०२४ मध्ये डॅलस. तीसही संघांचे अधिकारी, एजंट आणि शेकडो पत्रकार तीन-चार दिवस एकाच हॉटेलाच्या आवारात वावरत असतात. जानेवारीत, वेतनाचा वाद लवादाकडे जाणार असेल, तर तिथे मागायचे आकडे संघ आणि खेळाडू एकमेकांना देतात, आणि फेब्रुवारीच्या मध्याला पिचर (चेंडू फेकणारे) व कॅचर (तो झेलणारे) सराव शिबिरात दाखल होतात. जायंट्सचे शिबिर ॲरिझोनातील स्कॉट्सडेलला असते.

या दिनदर्शिकेचा उपयोग साधा आहे. विंटर मीटिंग्जच्या आठवड्यात आलेल्या बातम्यांना निम्माच भाव द्यावा, कारण त्या दिवसांत प्रत्येक पत्रकाराला तासातासाला काहीतरी लिहायचे असते आणि लॉबीत कोण कोणाशी बोलताना दिसले, यावरूनही वावड्या उठतात. शिवाय एक तारीख नव्या वाचकाने आतापासून टिपून ठेवावी. खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातील सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. मागच्या वेळी असा करार संपला, तेव्हा २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ असे ९९ दिवस मालकांनी टाळेबंदी केली होती आणि त्या काळात मेजर लीगच्या खेळाडूंशी करार करण्यासच बंदी होती. अशा काळात ‘करार अगदी जवळ आला आहे’ असे कोणी सांगितले, तर पुढचे वाक्य वाचण्याचीही गरज नाही.

दुसरी पायरी: खेळाडू कोणत्या वाटेने येणार, हे ओळखावे

पहिली वाट फ्री एजन्सीची. सेवेचे एक वर्ष म्हणजे मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस. अशी सहा वर्षे भरेपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात असतो. १९७५ च्या अखेरीस पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निकाल दिला, तोपर्यंत तर खेळाडूला असे मोकळे होण्याचा मार्गच नव्हता. आजचा अफवांचा बाजार त्या निकालाच्या पोटी जन्मला, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी वाट ट्रेडची, म्हणजे अदलाबदलीची. इथे नव्या वाचकाची हमखास चूक होते: येणाऱ्या खेळाडूचेच नाव वाचून तो खूश होतो आणि बदल्यात कोण जाणार हे पाहत नाही. बेसबॉलमध्ये काही मोजके अपवाद सोडले, तर ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीतील, निवडीचे हक्क अदलाबदलीत देता येत नाहीत. त्यामुळे किंमत बहुधा तरुण खेळाडूंच्या रूपातच चुकवावी लागते. जाणाऱ्या तरुणांची नावे ज्या बातमीत नाहीत, ती बातमी अर्धीच आहे.

नकाराचा हक्कही याच वाटेवर आडवा येतो. दहा वर्षांची सेवा झालेला आणि त्यातील शेवटची पाच वर्षे एकाच संघात काढलेला खेळाडू कोणत्याही अदलाबदलीला नाही म्हणू शकतो. शिवाय काहींच्या करारातच तसे कलम असते. डिसेंबर २०१७ मध्ये मायामी मार्लिन्सचा जियानकार्लो स्टँटन जायंट्सकडे येणार, असे वातावरण तयार झाले होते. त्या हंगामात त्याने ५९ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले होते आणि दोन्ही संघांमध्ये अदलाबदलीची रूपरेषाही ठरली होती. पण त्याच्या करारात नकाराचे कलम होते. त्याने जायंट्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स या दोघांनाही नाही म्हटले आणि तो न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. संघांचे एकमत झाले होते ही बातमी खरीच होती, फक्त ज्याचे मत निर्णायक होते त्याला वाचक विसरले होते.

तिसरी वाट जपान आणि दक्षिण कोरियाहून येते. तिथला संघ आपल्या खेळाडूला ठरावीक मुदतीसाठी अमेरिकी संघांशी बोलण्याची परवानगी देतो आणि करार झाला की त्या संघाला शुल्क मिळते: पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर १७.५ टक्के आणि त्यावरील रकमेवर १५ टक्के. डिसेंबर २०२३ मध्ये जायंट्सने ली जंग-हू या कोरियन फलंदाजाशी ६ वर्षांचा ११ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. वरचा हिशेब मांडला, तर त्याच्या किऊम हिरोज संघाला १ कोटी ८८ लाख २५ हजार डॉलर मिळायचे, हे कोणालाही कागदावर काढता येते. जायंट्सचा या खेळाडूतील रस कळायला मात्र कोणत्याही गुप्त सूत्राची गरज नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये, घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर ली सोलच्या मैदानावर चाहत्यांचा निरोप घेण्यापुरता एकदाच फलंदाजीला उतरला, तेव्हा जायंट्सचे जनरल मॅनेजर पीट पुटिला प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होते आणि कोरियन दूरचित्रवाणीचा कॅमेरा त्यांच्यावर होता. एका खेळीसाठी इतका मोठा अधिकारी पॅसिफिक महासागर ओलांडतो, ही गोष्ट दहा निनावी सूत्रांहून जास्त सांगते. अशा डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा शोधाव्यात.

तिसरी पायरी: संघात जागा आहे का

प्रत्येक संघाची ४० जणांची यादी असते आणि त्यातून २६ जण सामन्यांसाठी उपलब्ध असतात. चाळीसची यादी भरलेली असेल, तर नव्या खेळाडूच्या घोषणेबरोबर कोणाला तरी काढावे लागते. ही यादी संघाच्या अधिकृत संकेतस्थळावर असते. बातमी वाचल्यावर ती एकदा उघडावी आणि त्या जागेवर आधीच कोण आहे, त्याचा करार किती वर्षे उरला आहे, हे पाहावे. यापलीकडे या पायरीवर फार रेंगाळू नये, कारण खरोखर मोठा खेळाडू मिळत असेल, तर संघ जागा करतोच.

चौथी पायरी: पैशाचा हिशेब

खर्चावर कडक मर्यादा नसली, तरी एक उंबरठा आहे. २०२५ च्या हंगामासाठी तो २४ कोटी १० लाख डॉलर होता. २०२६ साठी २४ कोटी ४० लाख आहे. संघाचा एकूण वेतनखर्च त्यावर गेला, की जास्तीच्या रकमेवर कर बसतो: पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० टक्के, त्यानंतर ५० टक्के, आणि फारच पुढे गेल्यास त्यावर अधिभार. हा खर्च मोजताना त्या वर्षी प्रत्यक्ष किती पैसे दिले हे न पाहता, कराराची सरासरी धरतात. लांबलचक करारांचे कोडे इथे सुटते. ३५ कोटी डॉलर १३ वर्षांवर पसरले, तर वर्षाला २ कोटी ७० लाखांच्या आत बसतात. तेच दहा वर्षांत द्यायचे ठरले, तर साडेतीन कोटी होतात. चाळिशीतला खेळाडू शेवटची वर्षे कितपत खेळेल, याची काळजी संघाला नसते असे नाही, पण आजचा कर वाचतो.

म्हणून बातमीतील सर्वांत मोठा आकडा पाहून डोळे विस्फारण्याआधी वर्षे किती आणि पैसे केव्हा मिळणार, हे वाचावे. शोहेई ओहतानीचा लॉस एंजेलिस डॉजर्सशी झालेला करार १० वर्षांचा आणि ७० कोटी डॉलरचा असला, तरी त्यातील ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी मिळायचे आहेत. करारकाळात त्याला वर्षाला २० लाखच मिळतात, आणि कराच्या हिशेबात हा करार वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखांचा धरला जातो.

क्वालिफाइंग ऑफर हीदेखील किंमतच आहे. संघ आपल्या फ्री एजंटला एका वर्षाचा ठरावीक रकमेचा करार देऊ करू शकतो. २०२४ च्या हिवाळ्यात ती रक्कम २ कोटी १० लाख ५० हजार डॉलर होती. खेळाडूने तो नाकारून दुसऱ्या संघाशी करार केला, तर नव्या संघाला ड्राफ्टमधील निवडीचे हक्क गमवावे लागतात, आणि आधीच कराचा उंबरठा ओलांडलेल्या संघाला अधिक. ‘अमुक संघाला तमुक खेळाडू हवा आहे’ ही बातमी वाचताना त्याच्यामागे हे ओझे आहे का, हे पाहिले, की बऱ्याच बातम्यांतील उत्साह ओसरतो.

राज्याचा आयकरही मोजावा. २०१९ च्या सुरुवातीला जायंट्सने ब्राइस हार्पर या फलंदाजाला १२ वर्षांसाठी ३१ कोटी डॉलर देऊ केले होते. तो १३ वर्षांसाठी ३३ कोटींवर फिलाडेल्फियाला गेला. कॅलिफोर्नियाच्या आयकराचा सर्वांत वरचा दर १३.३ टक्के आहे. कागदावर दोन कोटींचा दिसणारा फरक हातात पडणाऱ्या पैशांत त्याहून बराच मोठा होता.

पाचवी पायरी: कोण सांगतो आहे आणि कोणत्या शब्दांत

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि इथेच सर्वाधिक वेळ घालवावा.

आधी संघ स्वतः का बोलत नाही, ते समजून घेऊ. १९८० च्या दशकाच्या मध्यात मालकांनी संगनमत करून फ्री एजंटांचे भाव पाडले, हे लवादापुढे सिद्ध झाले आणि १९९० मध्ये त्यांना २८ कोटी डॉलर भरावे लागले. तेव्हापासून एखाद्या खेळाडूची किंमत काय असावी किंवा आपण त्याच्यासाठी कुठवर जाऊ, असे उघडपणे बोलणे अधिकाऱ्यांना नियमानेच वर्ज्य आहे. त्यामुळे जे काही बाहेर येते, ते नाव न सांगण्याच्या अटीवर, आणि सांगणारा काहीतरी हेतूनेच सांगत असतो. एजंटला बोली लावणारे जास्त दिसायला हवे असतात, म्हणून ‘एक अज्ञात संघही शर्यतीत उतरला आहे’ अशी पुडी सोडली जाते. खेळाडू हातचा गेलेल्या संघाला आपल्या चाहत्यांना दाखवायचे असते, की आम्ही कमी पडलो नाही. म्हणून ‘आम्हीही तेवढेच देऊ केले होते’ हे करारानंतर लगेच कळते. खेळाडू विकू पाहणाऱ्या संघाला गिऱ्हाइके वाढवायची असतात. यांपैकी कोणीही खोटे बोलत असेलच असे नाही, पण प्रत्येकजण आपल्या सोयीचे तेवढेच सांगतो.

त्यानंतर क्रियापद पाहावे. ‘चौकशी केली आहे’ याला जवळजवळ काहीच अर्थ नाही. स्थळाची चौकशी दहा घरे करतात, तसे तीसपैकी वीस संघ एजंटला फोन करतात. ‘रस आहे’ हेही तितकेच स्वस्त आहे. ‘शर्यतीत आहे’ म्हणजे निदान बोलणे चालू आहे. ‘भेट झाली’ ही पडताळता येण्याजोगी घटना आहे, म्हणून तिला थोडे वजन द्यावे. ‘आघाडीवर आहे’ हे पत्रकाराचे मत आहे, माहिती नव्हे. ‘सहमती झाली, वैद्यकीय तपासणी बाकी’ ही पहिली खरी बातमी. आणि ‘तसे दिसते’, ‘असे कळते’ यांसारखी शेपटी जोडलेली असेल, तर लिहिणाऱ्यालाच खात्री नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलेले असते. आपण ते घाईत वाचत नाही, एवढेच.

६ डिसेंबर २०२२ रोजी नेमके हेच घडले. यांकीजचा ॲरन जज त्या वर्षी ६२ होमरन मारून मोकळा झाला होता. तो मूळचा कॅलिफोर्नियातील लिंडन या छोट्या गावचा, लहानपणी जायंट्सचा चाहता, आणि नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला येऊनही गेला होता. गोष्ट इतकी जुळून आली होती, की ती खरी व्हावी असे सगळ्यांनाच वाटत होते. विंटर मीटिंग्ज चालू असताना जॉन हेमन या नामवंत पत्रकाराने जज जायंट्सकडे निघाल्याचे दिसते, असे ट्विटरवर लिहिले. घाई इतकी, की ॲरन या नावाचे ‘आर्सन’ झाले होते. काही मिनिटांतच त्याने ती ओळ काढून टाकली आणि घाई झाल्याचे कबूल केले. दुसऱ्या दिवशी जजने यांकीजशीच ९ वर्षांचा ३६ कोटींचा करार केला. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, अशी गत त्या दुपारी जायंट्सच्या चाहत्यांची झाली. त्या ओळीत ‘दिसते’ हे क्रियापद होते, हे नंतर फारच थोड्यांना आठवले.

पुढच्या डिसेंबरमध्ये ओहतानीच्या वेळी तर सूत्रांचीही गरज उरली नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियातून टोरंटोकडे निघालेल्या एका खासगी विमानाचा माग हजारो लोक संगणकावर काढत होते. ओहतानी त्यातच आहे अशी अफवा पसरली, आणि एका अनुभवी पत्रकाराने तो टोरंटोला निघाल्याची बातमीही दिली. विमान उतरले तेव्हा आतून रॉबर्ट हर्जावेक हे उद्योजक बाहेर आले. दुसऱ्या दिवशी ओहतानीने स्वतः इन्स्टाग्रामवर डॉजर्सचे नाव जाहीर केले. एकमेकांची बातमी उचलणारे दहा जण म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, हे त्या दिवशी पुरेपूर दिसले. बातमी मुळात कोणी दिली, तिथपर्यंत मागे जावे; पुष्कळदा सगळे धागे एकाच माणसापाशी येऊन थांबतात. जायंट्सचे तेव्हाचे प्रमुख फरहान झैदी यांनी नंतर सांगितले, की त्यांचाही प्रस्ताव डॉजर्सच्या जवळपास तसाच होता. वर ज्या सोयीच्या सत्याबद्दल लिहिले, त्याचा हा नमुना.

राष्ट्रीय पातळीवर जेफ पॅसन आणि केन रोझेन्थाल यांच्या बातम्या सहसा टिकतात. पण एका संघापुरते पाहायचे असेल, तर वर्षभर त्या संघाबरोबर फिरणारे स्थानिक वार्ताहर वाचावेत. ते पहिले नसतात. परंतु चुकीचे लिहिले तर दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच अधिकाऱ्यांसमोर उभे राहायचे असते.

सहावी पायरी: तपासणी होऊन सही होईपर्यंत थांबावे

जज निसटल्यावर आठवडाभरातच, १३ डिसेंबर २०२२ च्या रात्री, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) कार्लोस कोरेया जायंट्सशी १३ वर्षांसाठी ३५ कोटींवर सहमत झाल्याची बातमी आली. ती शंभर टक्के खरी होती. २० डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत पत्रकार परिषद ठरली, कोरेया कुटुंबासह शहरात दाखल झाला, आणि त्याच सकाळी परिषद पुढे ढकलण्यात आली. वैद्यकीय तपासणीत जायंट्सच्या डॉक्टरांना त्याच्या उजव्या पायाबद्दल शंका आली होती. २०१४ मध्ये, मेजर लीगखालच्या मायनर लीगमध्ये खेळताना, त्या पायाचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती. त्याचे एजंट स्कॉट बोरास यांनी वाट पाहिली नाही. दुसरा दिवस उजाडण्याआधीच न्यूयॉर्क मेट्सशी १२ वर्षांसाठी ३१ कोटी ५० लाखांची सहमती झाली. मग मेट्सच्या डॉक्टरांनीही त्याच पायावर बोट ठेवले. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये कोरेयाने आपल्या जुन्याच मिनेसोटा ट्विन्सशी ६ वर्षांचा २० कोटींचा करार केला. महिन्याभरात तीन संघ झाले, ३५ कोटींचे २० कोटी झाले, आणि यातली एकही बातमी खोटी नव्हती.

म्हणून ‘सहमती झाली’ या बातमीनंतरही संघाच्या अधिकृत घोषणेची वाट पाहावी. ती यायला काही दिवस लागतात, कारण तपासणी, कागदपत्रे आणि चाळीसच्या यादीत जागा करणे ही कामे मध्ये असतात. लीगच्या संकेतस्थळावर रोजच्या व्यवहारांची नोंद असते. तिथे नाव आले, की मगच जर्सी मागवावी.

सगळ्या पायऱ्या एकत्र: डिसेंबर २०२४

त्या हिवाळ्यात जायंट्सची सूत्रे संघाचा माजी कॅचर बस्टर पोझी याच्या हाती आली होती. शॉर्टस्टॉपची जागा रिकामी होती आणि बाजारात त्या जागेवरचा सर्वांत मोठा खेळाडू विली अडामेस हा होता. त्याने आपल्या मिलवॉकी संघाची क्वालिफाइंग ऑफर नाकारली होती आणि जायंट्सने २०२४ मध्ये कराचा उंबरठा ओलांडला होता, म्हणजे त्याला घेण्याची शिक्षा जबर होती. तरीही गरज आणि पैसा दोन्ही जुळत होते. विंटर मीटिंग्ज सुरू होण्याआधीच्या शनिवारी ७ वर्षांसाठी १८ कोटी २० लाखांची सहमती झाली. पोझीला स्वतःला २०१३ मध्ये मिळालेल्या १६ कोटी ७० लाखांच्या कराराचा संघातील विक्रम त्याने मोडला.

त्याच आठवड्यांत पिचर कॉर्बिन बर्न्स जायंट्सकडे येणार, असेही जोरात चालले होते. तोही कॅलिफोर्नियाचाच, बेकर्सफील्डचा. जायंट्स, टोरंटो आणि बाल्टिमोर यांचीच नावे घेतली जात असताना डिसेंबरच्या शेवटी तो ॲरिझोना डायमंडबॅक्सकडे ६ वर्षांसाठी २१ कोटींवर गेला. त्याचे घर ॲरिझोनात होते आणि कुटुंब तिथेच होते. जजच्या बाबतीत जन्मगावाचा तर्क फसला आणि बर्न्सच्या बाबतीत राहत्या घराचा तर्क कोणी फारसा केलाच नाही. माझा अनुभव असा, की जन्मगावापेक्षा मुले कुठे वाढत आहेत, हे पाहिलेले बरे.

या सगळ्या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती नव्या वाचकापासून लपवू नये. जून २०२५ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, जायंट्सने बॉस्टन रेड सॉक्सकडून रफाएल डेव्हर्स या फलंदाजाला आणले, त्याच्या १० वर्षांच्या ३१ कोटी ३५ लाखांच्या करारातील उरलेला भाग अंगावर घेऊन. बदल्यात जॉर्डन हिक्स आणि काइल हॅरिसन हे पिचर आणि आणखी दोन तरुण गेले. त्याआधी त्याची वावडीसुद्धा उठली नव्हती. बातमी आली ती व्यवहार झाल्याचीच.

फेब्रुवारी उजाडला, की बहुतेक लोक अफवा वाचणे सोडतात. ते घाईचे ठरते. शिबिरे सुरू झाल्यावर दीर्घकाळ जायबंदी असलेल्यांना साठ दिवसांच्या यादीत टाकता येते आणि चाळीसच्या यादीत जागा मोकळ्या होतात, त्यामुळे लहान करारांची रांग लागते. मोठेही लांबतात: मॅट चॅपमन आणि ब्लेक स्नेल हे दोघे जायंट्सकडे आले ते मार्च २०२४ मध्ये, शिबिर सुरू होऊन काही आठवडे उलटल्यावर. तेव्हा मार्चचा शेवटचा आठवडा येईपर्यंत व्यवहारांची नोंद दिवसातून एकदा उघडत राहावी.